भाऊजींचा उजवा मोजा

भाऊजींच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी पायातलं काढायचं. बूट असोत की चपला, दाराशी काढायच्या, कापडी पिशवीत घालायच्या आणि ती पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. भाऊजी स्वतःही मोज्यांवरच गाडी चालवायचे. कारण काय, तर आत अंथरलेला काळपट लाल रंगाचा लोकरी गालिचा आणि त्याच्याखाली बोटभर जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा थर. गेल्या तीस वर्षांत या गालिच्यावर एकाही बुटाचा तळ टेकलेला नाही, असं ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. पाहुणा बिचारा आपल्या मोज्याचं भोक दुसऱ्या पायाखाली दडवून मान डोलवायचा.

गाडी साठ वर्षांची, सायीच्या रंगाची, गोल डोळ्यांची. भाऊजी तिला राणीसरकार म्हणायचे. ताई सवत म्हणायची. आणि ताईचा धाकटा भाऊ, ज्याला घरापासून डेपोपर्यंत सगळे फिटर म्हणायचे, तो मनातल्या मनात जे म्हणायचा ते ताईसमोर म्हणण्यासारखं नव्हतं.

फिटर बस डेपोत ब्रेकचं काम करायचा. सव्वीस वर्षं. चाळीस माणसं भरलेली बस उतारावर थांबते की नाही, हे त्याच्या दोन हातांवर ठरायचं. पन्नाशी उलटली होती, पण अंगातल्या खोड्या काही उतरल्या नव्हत्या. डेपोतल्या साहेबांच्या खुर्चीखाली त्यानं एकदा बसचा हॉर्न जोडला होता. साहेब टेकले की हॉर्न वाजायचा. साहेबांनी दोन दिवस उभ्यानं सह्या केल्या, पण खुर्ची उलटी करून बघायचं काही त्यांना सुचलं नाही. तेव्हापासून फिटरचं एक मत पक्कं झालं होतं, की माणूस जितका मोठा, तितकं त्याला खाली वाकून बघणं जड जातं.

तर अशा माणसाला भाऊजी राणीसरकारच्या बॉनेटला हात लावू द्यायचे नाहीत. “तुझे हात बसचे आहेत रे,” एवढंच म्हणायचे, आणि वर प्रेमानं हसायचे. हसत नसते तर बरं झालं असतं.

गेल्या तीन महिन्यांपासून राणीसरकारचं ब्रेक ऑईल कमी होत होतं. दर रविवारी भाऊजी डबीचं झाकण उघडायचे, अर्धा कप ओतायचे, झाकण लावायचे. पुढच्या रविवारी पुन्हा डबी रिकामी. बरं, जमिनीवर एक थेंब नाही. भाऊजींनी गाडीखाली पांढरी चादर अंथरून बघितली. ताईची चांगली चादर. चादर कोरडी. चारही चाकं उतरवून झाली, आत कुठे ओल नाही. पाइप पुसून झाले. ऑईल जात होतं, पण कुठे, ते काही कळत नव्हतं.

मग प्रश्न गेला मंडळाकडे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ होतं, अकरा गाड्या आणि अकरा मालक. त्यातले एक दातांचे डॉक्टर. त्यांनी तोंडात घालायचा तो छोटा आरसा आणून राणीसरकारच्या चारही चाकांमागे घातला, ‘हं, हं’ केलं आणि सांगितलं की ऑईलचं बाष्पीभवन होतंय. उन्हात उभी करू नका. भाऊजींनी गाडीवर ताडपत्री टाकली.

त्यानंतर अध्यक्ष आले. अध्यक्षांचा जन्म छत्र्यांच्या घाऊक धंद्यात गेला होता, पण निवृत्त झाल्यावर त्यांनी गाड्यांवरचं एक जाड पुस्तक विकत घेतलं आणि ते दिवाणखान्यात सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. तेवढ्यावर ते अध्यक्ष झाले. ते म्हणाले की जुनी गाडी थोडं पितेच. तिला जरा टॉनिक द्या. त्यांनी स्वतः तयार केलेल्या तेलाची एक तपकिरी बाटली होती, वर स्वतःच्या सहीचं लेबल. ब्रेकच्या डबीत दर रविवारी एक चमचा टाकायचा, आतलं रबर तरुण राहतं म्हणे. भाऊजी म्हणाले, ते तर मी वर्षभर टाकतोच आहे. अध्यक्ष म्हणाले, मग आता दोन चमचे टाका.

फिटरनं एकदाच, जेवताना, भीत भीत विचारलं होतं की मास्टर सिलिंडर बघितला का. म्हणजे पायाखालचं पेडल दाबलं की जो पंप चारही चाकांकडे ऑईल ढकलतो, तो. त्याचं मागचं रबर गेलं तर ऑईल बाहेर जमिनीवर पडत नाही, आत पडतं. भाऊजींनी घास थांबवून ताईकडे पाहिलं, जणू शेजारच्या कुणाचं लहान मूल काहीतरी बोललं होतं. म्हणाले की सिलिंडर त्यांनी बाहेरून रोज पुसलाय, आरशासारखा आहे, अध्यक्षांनीही पाहिलाय. विषय संपला. पालथ्या घड्यावर पाणी.

आणखी एक दुखणं त्याच सुमाराला सुरू झालं होतं, पण ते गाडीचं नव्हतं. भाऊजींच्या उजव्या पायाला घाम यायला लागला होता. फक्त उजव्या. मोजा ओलाचिंब व्हायचा, तळव्याला खाज सुटायची, कातडी सोलायची. भाऊजी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ताण आहे म्हणून सांगितलं. मलम दिलं, पावडर दिली, रात्री घ्यायची गोळी दिली. फक्त उजवाच का, असं भाऊजींनी विचारलं तर म्हणाले, डावाही सुरू होईल, धीर धरा.

हे सगळं फिटरला कळलं ते एका मंगळवारी. साप्ताहिक सुट्टी होती म्हणून तो ताईकडे चहाला गेला होता. ताई मागच्या अंगणात कपडे धूत होती. बादलीशेजारी एक मोजा वेगळा पडला होता. ताई म्हणाली, “हा बघ, यांचा घाम. तीनदा साबण लावला तरी बुळबुळीत. माणसाला घाम येतो का तेल येतं तेच कळेना.”

फिटरनं मोजा उचलला. बोटांत चोळला. नाकाशी नेला.

सव्वीस वर्षं तो हा वास अंगाला लावून घरी जात होता. ब्रेक ऑईल. त्यात आणखी एक हलकासा ओळखीचा वास होता, पण तो कुठला हे काही आठवेना. फिटर खाली बसला आणि हसायला लागला. इतका हसला की ताईनं साबण खाली ठेवला आणि काय झालं ते सांग म्हणून दरडावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण नुसतं म्हणतो. इथं तर कळसा पायाखाली होता आणि वळसा त्वचेच्या डॉक्टरपर्यंत जाऊन आला होता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. दुसऱ्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं, कारण दुसरा कुठलाही माणूस बूट घालून गाडी चालवतो आणि बुटावर पडलेलं तेल त्याला दिसतं. भाऊजींचं तेल मोजा प्यायचा, उरलेलं नमदा प्यायचा, आणि पोट असं पुढे आलेलं की स्वतःचे पाय त्यांनी उभ्यानं कित्येक वर्षांत पाहिलेले नव्हते.

भाऊजी दुपारचे झोपले होते. ताईनं किल्ली आणून दिली. फिटरनं चपला पिशवीत घातल्या, कारण खोडकर असला तरी तो नियम पाळणारा होता, आणि पाठीवर पडून पेडलांखाली डोकं घातलं. टॉर्च लावला. पेडलाचा दांडा जिथं पुढच्या पत्र्यातून आत येतो, तिथलं रबरी टोपण ओलं होतं. टोकाला एक थेंब लटकत होता. त्यानं हातानं पेडल दाबलं आणि तसंच दाबून धरलं. पेडल हळूहळू खाली खाली जात राहिलं, जसा एखादा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत जातो तसं. थेंब पडला. दुसरा आला.

फिटरचं हसू तिथंच थांबलं.

कारण रविवारी मंडळाची मिरवणूक होती. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून खाली मैदानापर्यंत, सात वळणांचा उतार, अकरा गाड्या एकामागे एक, आणि सगळे मालक सपत्नीक. ताई राणीसरकारमध्ये पुढच्या सीटवर बसणार होती, मांडीवर चपलांची पिशवी घेऊन.

“तू बसू नकोस,” फिटर म्हणाला.

ताई म्हणाली की नाही बसले तर महिनाभर घरात तोंड फुगलेलं बघावं लागेल, आणि तसंही गेल्या वर्षी बसले होते तेव्हा काही झालं नाही. मग भावाचं तोंड बघून तिनं आवाज खाली आणला. “इतकं वाईट आहे?”

त्यानं सांगितलं. सपाट रस्त्यावर भाऊजी पेडल दोनदा मारतात आणि गाडी थांबते. उतारावर दुसऱ्यांदा मारायला वेळ नसतो.

संध्याकाळी त्यानं भाऊजींना सरळ सांगून बघितलं. मोजा दाखवला, वास घ्यायला लावला. भाऊजींनी वास घेतला आणि म्हणाले की मलमाचा आहे. आणि हो, जुनी गाडी आहे, तिला दोनदा विचारावं लागतं, तिचा तो मान आहे. बसचं काय, ती एका लाथेत ऐकते. शेवटी त्यांनी फिटरच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की शुक्रवारी अध्यक्षांच्या घरी बैठक आहे, हवं तर चल बरोबर, चार जाणकार माणसांच्या गोष्टी कानावर पडतील.

फिटर म्हणाला, येतो की.

माणूस वाकून बघत नाही, तर त्याला दिसेल तिथं वर आणून ठेवावं लागतं. शुक्रवारी दुपारी, भाऊजी आंघोळीला गेले असताना, फिटरनं पुन्हा पेडलांखाली डोकं घातलं. खिशात एक पुडी होती. गवंडी लोक भिंतीवर सरळ रेघ मारायला दोरीला जी निळी पूड लावतात, ती. ऑईलमध्ये त्यानं काहीही टाकलं नाही; ब्रेकशी चेष्टा तो कधीच करायचा नाही, ती फक्त माणसांशी. पूड त्यानं बाहेरून लावली, रबरी टोपणावर, दांड्यावर, पेडलाच्या पाठीमागं. गळतीची जागा शोधायची ही डेपोतली जुनी रीत: कोरड्यावर पूड बसून राहते, ओल्यावर वाहते. मग हँडब्रेक ओढून बघितला. तो मागच्या चाकांना तारेनं बांधलेला, ऑईलशी त्याचा संबंध नाही. घट्ट होता. तेवढी खात्री करूनच तो बाहेर आला. ताईनं तेवढ्यात भाऊजींच्या खुर्चीवर नवे कोरे पांढरेशुभ्र मोजे काढून ठेवले होते.

अध्यक्षांचं घर चार गल्ल्या पुढे, रस्ता सगळा सपाट. भाऊजी ऐटीत निघाले. पहिल्या चौकात दोनदा पेडल मारलं, दुसऱ्या चौकात तीनदा. अध्यक्षांच्या फाटकाशी कुंड्यांची रांग होती. भाऊजींनी एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तीनदा दाबलं, आणि राणीसरकार आपली कुंड्यांकडे चाललीच. फिटरनं शांतपणे हँडब्रेक ओढला. गाडी पहिल्या कुंडीपासून वीतभर अंतरावर थांबली.

“हँडब्रेक कोणी ओढायला सांगितला?” भाऊजी म्हणाले.

“हात आखडला होता, सरळ करत होतो.”

भाऊजींनी पायांकडे न बघताच बूट चढवले, दारापर्यंत दहा पावलं चालले, दाराशी बूट काढले आणि आत गेले. अध्यक्षांचा दिवाणखाना पांढऱ्या फरशीचा. इतका पांढरा की आत बोलतानाही लोक आवाज पुसून बोलायचे. फिटर दाराजवळच्या स्टुलावर बसला, कारण तिथून सगळी फरशी दिसत होती.

बैठक सुरू झाली. अध्यक्ष उताराच्या शिस्तीवर बोलत होते. कुणी कुणाच्या मागं, किती अंतरावर. भाऊजी मध्येच उठून चहाचा कप आणायला गेले. मग पुस्तकाच्या कपाटाशी जाऊन आले. मग अध्यक्षांच्या खुर्चीमागं उभे राहून नकाशा बघून आले. प्रत्येक वेळी फरशीवर एक निळं पाऊल उमटत होतं. पाच बोटं, चवडा, टाच. फक्त उजवं. डाव्याचा पत्ता नाही. जणू कुणी निळा माणूस लंगडी घालत सगळ्या घरभर फिरून गेला होता.

पहिल्यांदा ते दिसलं अध्यक्षांच्या बायकोला. त्या बिस्किटांचा ट्रे घेऊन आल्या, थांबल्या, ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, “हे कोणी केलं?”

अकरा प्रतिष्ठित माणसांनी एकदम एकेक पाय वर उचलून स्वतःचे तळवे बघितले. बगळ्यांचं संमेलन भरल्यासारखं दिसत होतं. भाऊजींना पोटामुळे तळवा दिसेना, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी खिशातून आरसा काढला आणि त्यांच्या पायाखाली धरला.

“निळा आहे,” डॉक्टर म्हणाले.

भाऊजी घाबरले. अगदी खरंच घाबरले. घाम आहे म्हणाले, तीन महिन्यांपासून येतोय, औषध चालू आहे. मग स्वतःच पुटपुटले की डॉक्टरांनी रंग बदलेल असं काही सांगितलं नव्हतं.

फिटरला तेव्हा क्षणभर वाईट वाटलं. एक क्षण. मग तो उठला आणि म्हणाला, “भाऊजी, पाय तुमचा ठणठणीत आहे. घाम राणीसरकारला येतोय. चला, दाखवतो.”

सगळी वरात फाटकाशी गेली. फिटरनं दार उघडलं, टॉर्च लावला आणि बाजूला झाला. खाली वाकल्याशिवाय दिसणार नव्हतं, म्हणून अध्यक्ष वाकले, डॉक्टर वाकले, आणि शेवटी दाराला धरून धापा टाकत भाऊजीही वाकले. पत्र्यातून आत येणाऱ्या दांड्यापासून निळी धार निघाली होती, पेडलावरून उतरत गालिच्यात शिरली होती. बाकी सगळीकडे पूड कोरडीच होती. फिटरनं गालिच्याचा कोपरा उचलला, खालचा नमदा दोन हातांत धरला आणि पिळला. चहाचा कप भरेल एवढं तेल फाटकाशी सांडलं.

मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले की त्यांना शंका होतीच. डॉक्टर म्हणाले, त्यांनाही. बाष्पीभवन आतल्या बाजूला होत होतं.

फिटरचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्यानं बोटाला लागलेलं तेल नाकाशी धरलं होतं. मोज्यातला तो दुसरा वास. आता आठवलं. लहानपणी आई कपडे शिवायची, तिच्या मशीनच्या कप्प्यातला वास.

“अध्यक्षसाहेब,” तो म्हणाला, “तुमच्या टॉनिकात शिलाई मशीनचं तेल घालता का?”

अध्यक्षांनी अभिमानानं सांगितलं की तेच मुख्य, वर थोडं अत्तर.

फिटरनं मग न हसता, डेपोत नव्या लोकांना सांगतो तसं सांगितलं. ब्रेकमधलं रबर त्या तेलात फुगतं. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं. मग मऊ पडतं, मग सुटतं. भाऊजींचं आज सुटलंय, कारण त्यांनी ते वर्षभर मन लावून पाजलं. पुढचं कुणाचं सुटेल ते सांगता येत नाही.

“किती गाड्यांत आहे हे?” त्यानं विचारलं.

सगळे अध्यक्षांकडे बघत होते. अकरा मालक, अकरा बायका, सात वळणं. भाऊजींनी फाटकाचा खांब धरला. मग अगदी हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, “ती माझ्या शेजारीच बसणार होती रे.”

“म्हणून तर आलो,” फिटर म्हणाला.

रविवारी अकरा गाड्या मैदानावर उभ्या होत्या. टेकडी जिथल्या तिथं होती. अध्यक्षांनी भोंग्यावरून जाहीर केलं की यंदा मिरवणुकीऐवजी स्थिर प्रदर्शन ठेवलंय, बरीच वर्षं मनात होतं. प्रत्येक चाकाखाली वीट होती. फिटर आणि डेपोतले त्याचे दोन साथीदार एकेका गाडीचं पोट उघडून फुगलेली रबरं काढत होते आणि ताटलीत ठेवत होते. अध्यक्ष त्या ताटलीकडे पाठ करून उभे होते. बघ्यांची गर्दी राणीसरकारभोवती जास्त होती. भाऊजी सांगत होते की गळती कुठल्याच तज्ज्ञाला सापडत नव्हती, शेवटी त्यांच्या पायानं ओळखली; तीस वर्षं गाडीशी पायाचा थेट संबंध ठेवला त्याचं हे फळ.

ताई आली. चपला घालूनच पुढच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं.

“अगं, चपला,” भाऊजी खिडकीतून म्हणाले. सवयीनं म्हणाले.

“काढते की,” ताई म्हणाली. “आधी गालिचा दाखवा.”

भाऊजींनी आत बघितलं. खाली नुसता पत्रा होता. गालिचा घरी भिंतीवर वाळत पडला होता, पाचव्यांदा धुतलेला. बघ्यांमधलं कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजी गाडीच्या पुढच्या बाजूला गेले.

तिथं फिटर नवा मास्टर सिलिंडर हातात घेऊन उभा होता. बॉनेट बंद होतं. तो काही मागत नव्हता, नुसता उभा होता, चेहरा अगदी साळसूद. भाऊजींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा काचेतून आत बसलेल्या ताईकडे बघितलं. मग स्वतःच्या हातानं बॉनेट उघडून दांडी लावली.

“हात तेवढे पुसून घे,” ते म्हणाले.

“हो, हो. पुसायलाच हवेत,” फिटर म्हणाला. त्यानं खिशातून एक निळा मोजा काढला, उजव्या पायाचा, आणि एकेक बोट अगदी सावकाश, नीट पुसून मग आत वाकला.